कांटासरचं पाणी वर्ज्य

वाघणधार,
ता. ५ फेब्रुवारी १९९६

प्रिय व्याही वेजाणंदभाई,

जय मुरलीधर. गूळ-धणे वाटून झाले, आता आपण पक्के व्याही. पाकीट पाहून देण्याघेण्याचं काही निघालं की काय अशी धास्ती घेतली असेल, तर सोडून द्या. हे पत्र भूगोलाचं आहे.

तालुका पंचायतीने 'सोनवेरी तालुका : भूगोल आणि वारसा' ही पुस्तिका लिहायचं काम माझ्यावर सोपवलं आहे. प्राथमिक शाळेत उभी हयात फळ्यावर नकाशे काढण्यात गेली, तेव्हा हे काम दुसऱ्या कुणाला देणार? झीणी नदी लिहून झाली. गवताची कुरणं, धारा, देवळं झाली. आमचं वाघणधार तर अकरा पानं झालं आहे आणि अजून मी तलावापाशीच आहे. राहिलं ते तुमचं कांटासर. त्याबद्दल सध्या माझ्याकडे एकच ओळ आहे : 'कांटासर हे गाव आहे.'

यात भर घालण्यासारखं काही असेल तर कळवा. तुमची वाव, ती पायऱ्यांची विहीर, किती खोल, टेकडीचं नाव काय, वेशीवर लढाईत पडलेल्यांचे दगड, पाळिये, आहेत का, असतील तर कुणाचे. मात्र खरं तेवढंच. मी हरदाससाठी तुमच्या मोंघीला बघायला आलो तेव्हा सिंहाने तुमच्या म्हशीची माफी मागितल्याची हकिगत तुम्ही सांगितलीत. ती छापता येणार नाही.

आमचा हरदास मजेत आहे. लग्न अखात्रीजेचंच, अक्षय्य तृतीयेचं, धरून चालतो.

तुमचा,
लखमण हुंबल (निवृत्त मुख्याध्यापक)


कांटासर,
ता. १४ फेब्रुवारी

मास्तरसाहेब,

जय मुरलीधर. 'कांटासर हे गाव आहे' हे मी चोऱ्यावर, गावच्या पारावर, मोठ्याने वाचून दाखवलं. माझ्या धाकट्या भावाने, नथूने, त्यावर जेवण सोडलं. संध्याकाळी परत धरलं, पण अपमान तो अपमानच.

घ्या लिहून. टेकडीचं नाव म्हातारीची धार. बायका म्हणतात कुणाच्या तरी सासूवरून पडलं, कारण तिथून सगळ्यांची अंगणं दिसतात. वाव आहे, मोठी आहे, कोरडी आहे. उतरताना पायऱ्या कमी लागतात, चढताना जास्त. विश्वास नसेल तर येऊन मोजा. सिंहाची गोष्ट खरी आहे, पण ती म्हैस आता हयात नाही, म्हणून आग्रह धरत नाही.

आणि पाळिया आहे. वावेच्या तोंडाशीच उभा आहे, घोडेस्वाराचा. शेंदराचे थर इतके चढलेत की घोडा कुठला आणि स्वार कुठला हे श्रद्धेनेच ओळखावं लागतं. आमच्या घरच्या म्हाताऱ्या रांभीमा सांगतात, तो आमच्या गावचा नाहीच. फार जुन्या काळी आमच्या डांगर कुळातल्यांनी कुणाच्यातरी गाई वळवून आणल्या, त्यांच्यामागे हा एकटा आला, वावेपाशी लढला आणि पडला. गडी मोठा मर्द. आम्ही मारला खरा, पण तेव्हापासून दर दिवाळीला नारळही देतो. दूध चांगलं येतं त्याच्या कृपेने. नाव वीसा हुंबल.

आता लिहिताना ध्यानात आलं, हुंबल म्हणजे तुमच्यातलाच की हो! बघा, आपलं नातं किती जुनं निघालं.

वेजाणंद डांगर


वाघणधार,
ता. २५ फेब्रुवारी

वेजाणंदभाई,

नातं! त्याला तुम्ही नातं म्हणता?

वीसादादा आमच्या कुळाचे सुरापुरा, लढून पडलेले आणि देवासारखे पुजलेले पूर्वज. गाई सोडवायला गेले ते परत आले नाहीत, एवढंच आम्ही पिढ्यानपिढ्या ऐकत आलो. कुठे पडले ते आमच्या पिढीपर्यंत पोचलंच नाही. आमच्या घरच्या नव्या जोडप्याच्या लग्नगाठी सुरापुरासमोर सोडायच्या, त्या इथे मोकळ्या कोनाड्यापुढे सुटतात. आणि ते तिकडे तुमच्या वावेपाशी उभे, मारणाऱ्यांच्याच हातचा नारळ खात!

तुमचं पत्र मी घरात वाचलं. आमच्या जीवीफई, माझ्या वडिलांची आत्या, खाटेवर पडून असतात. ऐकू कमी येतं. साखरपुडा होऊन गेला तरी मुलगी कुठल्या गावची हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. 'कांटासर' ऐकताच ताडकन उठून बसल्या. म्हणाल्या, "लखमण, कांटासरचं पाणी आपल्याला वर्ज्य आहे! वीसाच्या भावाने अपैयो घातलाय. सूर्य-चंद्र आहेत तोवर हुंबलाच्या पोराने त्या गावच्या पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही."

अपैयो म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. आमच्या भावकीत आकांत झाला. वऱ्हाड तुमच्याकडे येणार, वैशाखात, रात्रभर मुक्काम, आणि पाण्याचा थेंब नाही? निम्मे म्हणतात सोयरीक मोडा. उरलेल्या निम्म्यांचं अजून ऐकायचं आहे.

मी मुलगी बघायला आलो तेव्हा चहा घेतला होता, तोही प्रश्न निघाला. मी त्यांना शपथेवर सांगितलं की तो निव्वळ दुधाचा होता. तेव्हा मी त्याबद्दल कुरकुर केली होती, पण आज तुमच्या दुभत्या म्हशीनेच माझी लाज राखली.

मार्ग काढा. मला मोंघी पसंत आहे. हरदासला तर आमच्यापेक्षा जास्त. पण कुळाच्या शब्दापुढे माझं काय चालतं?

लखमण हुंबल


कांटासर,
ता. ३ मार्च

मास्तर,

तुमच्या पत्राने इथे दुष्काळात तेरावा महिना. तरी मी शांत डोक्याने बसलो आणि उपाय काढले.

वऱ्हाडाला ताक पाजू. पण नथू म्हणतो, ताकात पाणी असतं. बरं, दूध पाजू. तर म्हणतो, म्हैस काय पिते? टरबुजं कापू म्हटलं, तर ती वाढली कशावर? मग मी विचारलं, "डाळ?" त्यावर त्याने ताट असं बाजूला सारलं की मला वाटलं पुन्हा जेवण सोडतो. शेवटी ठरलं, तुमच्या वऱ्हाडाला भाजलेले शेंगदाणे तेवढे निर्धास्त देता येतील. अखात्रीजेच्या उन्हात शेंगदाणे, आणि वर पाणी नाही. मास्तर, त्यापेक्षा वीसादादा सुखाने मेले.

राहता राहिला टँकर. तुमच्या गावाहून भरून आणा, माझी ना नाही. पण ही गोष्ट चोऱ्यावर गेली आणि गाव उसळलं. "पाहुणे आमच्या वेशीत आपलं पाणी घेऊन येणार? आमच्या पाण्यात काय पाल पडलीय?" आता पंचांनी ठराव केलाय : जो आमचं पाणी पिणार नाही, त्याला आमची लेक नाही.

तुमचं घोडं पाण्यापाशी अडलं, आमचं मानापाशी. मोंघी माझ्याशी बोलत नाही. म्हशीशी बोलते, तेही तुमच्याबद्दल. काल ऐकलं, म्हणत होती, "तुझ्या एका चहाच्या जोरावर मोठे शपथा घेतात."

मलाही ही सोयरीक हवी आहे हो. पण गावात राहायचंय मला.

वेजाणंद


कांटासर,
ता. १० मार्च

पूज्य बापूजी,

पाया पडते. सुनेने सासऱ्याशी बोलायचं नसतं, आणि मी तर अजून सूनही झालेली नाही. पण लिहू नये असं कुणी सांगितलेलं नाही. तरी लाज म्हणून ओढणी नाकापर्यंत ओढून लिहिते आहे. ओळी वाकड्या गेल्या तर तो दोष माझ्या शाळेचा नाही, ओढणीचा आहे.

बापूजी, मला तुमच्या घरी यायचं आहे. का, ते सासऱ्याला लिहीत नाहीत.

माझे बापा पंचांना भितात, तुम्ही भावकीला. दोन्हीकडची मोठी माणसं एका दगडाबद्दल भांडताहेत आणि त्यातल्या एकानेही तो नीट पाहिलेला नाही. तुम्ही तर तालुक्याचा वारसा लिहिता. एकदा येऊन वीसादादांना डोळ्यांनी बघा तरी. इतक्या वर्षांत त्यांच्या घरचं कुणीच आलेलं नाही. मला लहानपणापासून त्यांचं वाईट वाटतं.

पाणी तुमचं तुम्ही आणा.

मोंघी


वाघणधार,
ता. २४ मार्च

प्रिय वेजाणंदभाई,

जय मुरलीधर. गेल्या मंगळवारी पुस्तिकेच्या कामानिमित्त तुमच्या गावी धावती भेट दिली. दुपारच्या बसने उतरलो. कुणाला तसदी नको म्हणून घरी आलो नाही, वावेकडेच गेलो. सोबत माझी पाण्याची छागळ भरून घेतली होती, हे मुद्दाम नमूद करतो.

पाळिया पाहिला. साफ करून नावही वाचलं. वीसादादाच आहेत. हात जोडले तेव्हा डोळे भरून आले, ते मान्य करतो. त्यानंतर वावेचं मोजमाप घेतलं आणि पायऱ्यांवर सावलीत थोडी विश्रांती घेतली. मग बस आली, मी परतलो.

एकूण पाहता वाटतं की या प्रकरणात दोन्ही बाजूंनी थोडं सबुरीने घ्यावं. अपैयो ही फार जुनी गोष्ट आहे आणि जुन्या गोष्टींचे अनेक अर्थ निघतात.

केवळ पुस्तिकेसाठी एक विचारतो. कांटासरला हल्ली पाणी कुठून येतं? विहिरीचं की आणखी कुठलं? चवीला ते कसं असावं, असा एक तर्क करतो आहे. गोड असावं.

लखमण हुंबल


कांटासर,
ता. २९ मार्च

मास्तर, मास्तर!

'थोडी विश्रांती'? अहो, तुम्ही पायऱ्यांवर आडवे झाला होतात, टोपी एकीकडे, मोजायची फीत पायाला गुंडाळलेली, आणि नथूची शेळी तुमच्या नकाशाचा वाघणधारचा भाग खात होती.

अख्ख्या गावाने बघितलंय, आता लपवता कुणापासून? तुम्ही भर उन्हात सगळी छागळ पाळियावर रिकामी केलीत. तेलात कालवलेला शेंदूर पाण्याने निघतो होय? एवढी वर्षं शाळेत काय शिकवलंत? नाव वाचलं म्हणता, तर तेव्हा तुमचा चष्मा दगडाच्या मागे पडलेला होता. शेंदूर जिथल्या तिथे, पाणी मातीत, आणि मास्तर वावेत.

मोंघी सरपण घेऊन येत होती. धावत घरी गेली, कळशी आणली. ओढणी तोंडावर ओढून तुमचं डोकं उचललं आणि पाणी घातलं. पहिला तांब्या तुम्ही बेशुद्धीत प्यालात, तो मी धरत नाही. दुसरा अर्धवट शुद्धीत. तिसरा मात्र तुम्ही स्वतः मागून घेतलात आणि म्हणालात, "किती गोड आहे ग, कुठलं?" ती बिचारी काय सांगणार? सासऱ्याशी बोलायचं नाही ना! चौथा तांब्या प्यालात आणि मग एकदम तोंडावर हात मारून घेतलात. रांभीमा सांगतात, त्यांच्या आयुष्यात इतका घाबरलेला हुंबल त्यांनी पाहिला नाही. वीसादादासुद्धा मरताना शांत होता म्हणतात.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आमच्या विहिरी केव्हाच खारट झाल्या. झीणीवर बंधारा झाल्यापासून कांटासरला पाइपातून पाणी येतं. बंधारा कुठे आहे, मास्तर? तुमच्या वाघणधारला! तुम्ही आमचं नाही, तुमचंच पाणी प्यालात. तालुक्याचे भूगोलकार तुम्ही, आणि हे तुम्हाला ठाऊक नाही?

मी ही गोष्ट हसत हसत चोऱ्यावर सांगितली आणि घात झाला. रांभीमा कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अरे मेल्यांनो, वाघणधारचं पाणी आपल्याला वर्ज्य नाही का! वीसाने पडण्याआधी आपले दोन जण पाडले होते. आपल्या म्हाताऱ्यांनीही तेव्हाच उलटा अपैयो घातला." म्हणजे बंधारा झाल्यापासून अख्खं कांटासर, माणसं, गुरं, शेळ्या, रोज उठून शपथ मोडतंय! मी तर तुमच्या ओसरीवर बसून तुमचं सरबतही प्यालोय, आणि दुसरा पेला मागितलाय.

पंचांनी तिथल्या तिथे पाइपाचा वाल्व बंद केला. मान मोठा की तहान मोठी, म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या सगळ्या बायका रिकाम्या घागरी घेऊन चोऱ्यावर आल्या, पंचांच्या पुढ्यात ओळीने मांडल्या, आणि घरी जाऊन बसल्या. चूल कुणी पेटवली नाही. संध्याकाळपर्यंत पंचांना नवीन शोध लागला. अपैयो हा लढणाऱ्यांनी घातलेला, म्हणून तो घोड्यावरच्या माणसालाच लागू. गावात घोडा एकच, टांग्याचा, त्याच्यावर कुणी बसत नाही आणि तो कुठलंही पाणी पितो. वाल्व उघडला.

तर आमच्या बाजूचं असं मिटलं. तुमच्या बाजूचं काय? चार तांबे प्यालात, हे भावकीला सांगितलंत का? की तेही पुस्तिकेतून वगळणार?

वेजाणंद

ता. क. शेळीची तब्येत ठीक आहे.


वाघणधार,
ता. ६ एप्रिल

प्रिय वेजाणंदभाई,

तुमचं पत्र वाचलं. नकाशात नद्या असतात, पाइप नसतात, एवढंच माझ्या बचावात सांगतो.

भावकीला सांगितलं. न सांगून करतो काय, तुमच्या गावचा दूधवाला माझ्याआधी इथे पोचला होता. काल सगळे हुंबल आमच्या अंगणात जमले. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी कांटासरचं पाणी प्यालो. चार तांबे. शिक्षा काय ती द्या, पण मुलीला नावं ठेवू नका. ती नसती तर आज पाळिया माझा उभा राहिला असता." पाणी वाघणधारच्याच बंधाऱ्याचं, हेही मी सांगितलं, तर आमचा चुलतभाऊ म्हणतो, "पाइप त्यांच्या हद्दीत शिरला की पाणी त्यांचं." अशी माणसं आमच्यातही आहेत, तुमचा नथू एकटा नाही.

शेवटी जीवीफई खाटेवरून बोलल्या. "लखमण, पाणी पाजताना पोरीचं तोंड उघडं होतं की झाकलेलं?"

"झाकलेलं, फई. ओढणी हनुवटीपर्यंत."

"बोलली तुझ्याशी?"

"एक अक्षर नाही."

"मग मेल्या, तिने तुला सासरा मानूनच पाजलं! सुनेच्या हातचं पाणी म्हणजे आपल्या घरचं पाणी. ती वावेत बसून पाजो नाहीतर विमानात. कसला अपैयो घेऊन बसलात? आणि त्या पोरीला लवकर आणा, मला इथे वेळेवर कुणी पाणी देत नाही."

भावकी उठली. आमचा चुलतभाऊ जाताना म्हणाला, "बघू, वऱ्हाडात येतो. पण पाणी मोंघीच्याच हातचं पिणार." त्याच्यामागून सगळे तेच म्हणत गेले. तेव्हा व्याही, मुलीला लग्नाच्या दिवशी जरा जपा. दीडशे माणसं आहेत.

आणखी एक मागणी. जोडप्याच्या गाठी यंदा इथल्या मोकळ्या कोनाड्यापुढे सोडायच्या नाहीत. तिथेच, वीसादादांसमोर सोडू. मोंघीने मला लिहिलं ते खरं आहे, त्यांच्या घरचं कुणीतरी यायला हवं होतं.

तुमचा,
लखमण


कांटासर,
अखात्रीजेनंतरचा तिसरा दिवस

प्रिय मास्तर,

जय मुरलीधर. वऱ्हाड सुखरूप पोचल्याचं कळलं. कांटासरची टाकी मात्र अजून भरलेली नाही. तुमची माणसं पाणी प्यायली की पिढ्यांचा अनुशेष भरून काढला? बिचारी पोर हळदीच्या हातांनी तांब्यावर तांबे देत होती. तुमचा चुलतभाऊ तर तीनदा रांगेत उभा राहिला. शेवटी नथूच कळशी घेऊन तिच्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "तू नुसता हात लाव, ओततो मी." जेवण सोडणारा माझा भाऊ हुंबलांना पाणी वाढत होता. वीसादादांनी शेंदराआडून बघितलंच असणार.

आता खरी गोष्ट सांगतो, ती चोऱ्यावर वाचायची नाही.

तुमची बस म्हातारीच्या धारेआड गेली. मी घरी आलो. मांडव तसाच, पत्रावळी तशाच. म्हैस दारापाशी हंबरत होती, तिच्याशी बोलायला कुणी नव्हतं. दिवसभर माझ्या तोंडात पाणी गेलं नव्हतं. घरच्यांनी तांब्या आणून दिला. ओठाला लावला आणि रांभीमा ओरडल्या, "वेजाणंद, थांब!"

लेक दिलेल्या गावचं पाणी बाप पीत नाही, मास्तर. तुमच्यात-आमच्यात, सगळ्यांतच ही रीत. आणि माझ्या तांब्यात होतं वाघणधारचं पाणी! दोन गावांचे दोन अपैयो निस्तरले, आणि लेकीची पाठवणी करून मी तिसरा अपैयो आपल्या हाताने घरात आणला, तोही एकट्या माझ्यासाठी. नथूलासुद्धा हसू आवरेना. मग त्याने माझं तोंड बघितलं आणि पत्रावळी उचलायला लागला.

मी तांब्या घेऊन पायरीवर बसलो. इतकी वर्षं पाणी तीच द्यायची. तुम्ही तिच्या हातचे चार प्यालात, मी मोजलेले नाहीत. आता ती तिकडे बंधाऱ्यापाशी, आणि तिच्या दारावरून निघालेलं पाणी रोज सकाळी माझ्या अंगणात येऊन पडणार.

रांभीमांना म्हटलं, "मा, लेक गेली. तिच्या गावाहून एवढं एकच रोज न चुकता येणार आहे. तेही परत पाठवू?"

मी प्यालो. गोड आहे, मास्तर.

तुमचा व्याही,
वेजाणंद